वसमतहून नांदेडला, फ्लॉपीसोबत

वसमत
११ फेब्रुवारी २००७

करुणा,

काल संध्याकाळी पुनम नांदेडच्या बसमधून उतरली, सरळ दुकानात आली आणि तुझी चिठ्ठी माझ्या कीबोर्डवर टाकली. त्या क्षणापासून माझं सगळं बदललंय. वर्ष होत आलं तुझं अक्षर बघून. समोर एक गिऱ्हाईक बसलं होतं, त्याचा बायोडाटा टाईप करत होतो. वडिलांच्या नावापुढं मी 'करुणा' टाईप केलं. प्रिंट निघाल्यावर तो माणूस म्हणाला, "भाऊ, हे कोन?" मी म्हणालो, चुकलं.

खुशाली लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. मी बरा आहे. पुसेगावला आई-आण्णा बरे आहेत, हरभरा काढणीला आलाय. इकडं शिवारात हळद शिजवायच्या कढया लागल्यात, त्यामुळं दुकानातल्या कागदालासुद्धा हळदीचा वास येतो. तुझी तब्येत कशी आहे? मेसमधली आमटी अजून तशीच असेल.

मी कुठं असतो ते पुनमनं सांगितलंच असेल. बसस्टँडच्या मागं भावसिंग भाऊंचं इंटरनेटचं दुकान आहे. ते फौजेतून रिटायर होऊन आले आणि पाच कॉम्प्युटर टाकले. त्यांना फक्त चालू-बंद येतं. बाकी सगळं माझ्याकडं. मला इथं सर म्हणतात. तुला हसू येईल, पण म्हणतात.

तू दोन गोष्टी विचारल्यास. पहिलीचं सांगतो.

तुझा प्रोजेक्ट मला फार आवडला. मोंढ्यातले हळदीचे रोजचे भाव भरायचे आणि प्रोग्रॅमनं त्याचा आलेख काढायचा, हे आमच्या आण्णांना पण समजेल. आणि त्यासाठी आपल्या पर्ल भाषेला चित्र काढायला शिकवणारं तेच पॅकेज पाहिजे, ज्याच्यावरून गेल्या वर्षी सगळं झालं. तेव्हा तुझा सेमिनार होता. लॅबचे सर म्हणाले होते, तिथल्या मशीनवर काही टाकायला ॲडमिनचा पासवर्ड लागतो, तो मी कुणाला देत नाही. तू "बरं सर" म्हणून खाली बसलीस. मी उभा राहिलो. पुढचं सगळ्या वर्गानं बघितलं. सरांच्या हातातून मी कीबोर्ड ओढला, तो फुटला, मला माफीनामा लिहायला सांगितला, मी बॅग उचलून आलो ते परत गेलोच नाही.

आता तू लिहितेस की सर अजून तेच म्हणतात. परीक्षा होईपर्यंत मशीनला हात लावणार नाही. लॅबचं नेट बंद, पेनड्राईव्हला बंदी, फक्त फ्लॉपी चालते. मार्चमध्ये प्रोजेक्ट दाखवायचा, आणि पॅकेज बसलं नाही तर दाखवायला काहीच नाही.

बसेल. मी आज दिवसभर बसून करून बघितलं. एकाला दुसरं लागतं, दुसऱ्याला तिसरं, अशी चार आहेत. चारही फ्लॉपीत मावतात. सी-ची प्रॅक्टिकलं तुमच्या लॅबमध्ये होतात म्हणजे कंपायलर आहेच. फ्लॉप्यांवर नंबर टाकलेत, त्याच क्रमानं कर. कमांड वेगळ्या कागदावर लिहिल्यात. इथं पहिल्याच झटक्यात चाललं. तुझं पण चालेल. चाललंच पाहिजे.

पुनम आता फ्लॉप्या न्यायला आली आहे. म्हणते, "मी काय पोस्टाची पेटी व्हय का? रोज नांदेड जाऊन-येऊन करून राहिले, त्यात तुमचं वझं." मी म्हणालो, चहा पाजतो. "चहानं भागत न्हाई. भजे सांग. आन् तिच्या दुसऱ्या गोष्टीचं काय लिहिलं?"

तुझी चिठ्ठी तिनं वाचली, हे माझ्या आत्ता लक्षात आलं.

दुसऱ्या गोष्टीचं पुढच्या पत्रात लिहितो.

विजयकुमार


वसमत
२० फेब्रुवारी २००७

करुणा,

तुझी चिठ्ठी मिळाली. चिठ्ठी कसली, तीनच ओळी होत्या. त्या मला पाठ झाल्यात. "तुझ्या फ्लॉप्या वाचल्या गेल्या. शेवटच्या कमांडला 'परवानगी नाही' आलं. तू परत दार तोडायलाच निघालास, विजू, आणि माझ्याकडं दार तोडायचा हक्क न्हाई."

खरं सांगू, मला आधी राग आला. इथं चाललं होतं, मग तिथं काहून चालत नाही? मी पुनमला म्हणालो, तिनं काहीतरी चुकीचं टाईप केलं असेल. पुनम म्हणाली, "ती चुकीचं टाईप करत न्हाई. तू वर्गात व्हतास तवा तुझं पण तीच सुधरायची." मग मी परत मशीनसमोर बसलो.

मग कळलं. दुकानात लिनक्सचा एकच लॉगिन आहे, रूट. म्हणजे मालकाचा. ज्याला मशीनवर काहीही करता येतं. पासवर्ड कॅलेंडरवर स्केचपेननं लिहिलाय, सगळ्या दुकानाला माहीत आहे. वर्षभर मी त्यातच काम करतोय. वर्षभरात मला कॉम्प्युटर एकदाही नाही म्हणाला नाही. म्हणून जे मला चाललं ते तुला चालेल असं मी धरून चाललो. मी मालक होऊन शिकलेलं, मालक नसलेल्या माणसाला पाठवत होतो.

मग काय केलं ते ऐक. मशीनवर एक साधा युजर बनवला. त्याचं नाव तुझं ठेवलं, रागावू नको. रूटमधून बाहेर पडलो आणि ठरवलं की तुझं काम होईपर्यंत परत त्यात जायचं नाही. रूटचा पासवर्ड बदलला आणि कॅलेंडरवरचा खोडला. दुपारभर मी करुणा होतो.

काय सांगू तुला. पहिलं पॅकेज बसवायला गेलो, परवानगी नाही. दुसऱ्या जागी ठेवायला गेलो, परवानगी नाही. लायब्ररीच्या फोल्डरला, जिथं मशीनची सगळी पॅकेजं असतात, नुसता हात लावला, परवानगी नाही. मी टेबलावर मूठ आपटली. भावसिंग भाऊ पेपर वाचत होते, वर न बघता म्हणाले, "ओ हिरो, टेबल मेरे बाप का है."

थोड्या वेळानं ते स्वतः प्रिंटरची सेटिंग बदलायला बसले आणि त्यांना पण परवानगी नाही आलं. त्यांचा चेहरा बघायला पाहिजे होता. "माझ्या दुकानात मलाच परवानगी न्हाई? कोणी केलं हे?"

"मी केलं भाऊ. एका कामासाठी."

"कोणाच्या?"

मी सांगितलं. सगळं नाही, पण बराबर कळेल इतकं. त्यांनी मिशीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "फौजमध्ये बी असंच व्हतं. साहेबाच्या सहीबिगर गोळी मिळत न्हाई. पन आपल्या बॅरेकमध्ये, आपल्या पेटीत काय ठेवायचं, ते कोन इचारत न्हाई."

करुणा, तिथंच उत्तर होतं आणि मी मशीनशी भांडत बसलो होतो. प्रत्येक युजरला मशीनवर त्याची स्वतःची होम डिरेक्टरी असते. तुझ्या रोल नंबरची तुला आहेच. तिथं तुला कुणी नाही म्हणत नाही. चारही पॅकेजं तिथंच बसवायची. सरांच्या जागेला हातच लावायचा नाही.

नवा कागद जोडला आहे, जुना फाडून टाक. तरी गोष्ट समजावी म्हणून इथं पण लिहितो. बसवायच्या आधी प्रत्येक पॅकेजला सांगायचं की तुझी जागा माझ्या होममध्ये आहे. मागच्या कागदात हे एकदाही नव्हतं. मग दुसऱ्याला सांगायचं की पहिलं इथंच आहे, बाहेर शोधत फिरू नको. तिसऱ्याला दोघांचं सांगायचं, चौथ्याला तिघांचं. नाहीतर ते सवयीनं मोठ्या लायब्ररीत जातं, तिथं काही सापडत नाही, आणि रुसून बसतं. आणि शेवटी पर्लला सांगायचं की तुझ्या नेहमीच्या जागा बघच, पण आधी इकडं बघ. हे रोज सांगत बसायला नको म्हणून लॉगिन झाल्याबरोबर जी फाईल वाचली जाते तिच्यात दोन ओळी घालून ठेव.

जागेचं बघ. तुम्हाला होममध्ये वीसच एमबी देतात, कंपाइलचा पसारा त्यात मावणार नाही. पसारा टेम्पमध्ये कर. ते सगळ्यांचं अंगण आहे, तिथं कुणालाही बसता येतं, पण मशीन बंद झालं की झाडलं जातं. म्हणून एका बैठकीत उरक. तयार झालेलं तेवढंच उचलून होममध्ये ने.

मला हे तीन दिवस लागले. तीन दिवस मी तुझ्या नावानं मशीनसमोर बसलो, आणि माझ्या डोक्यात एकच येत होतं. तुला तर हे आधीपासून येतंय. मोबाईल तुझ्या भावाच्या, आयुषदादाच्या खिशात. हॉस्टेलचा फोन मॅडमच्या टेबलावर. रविवारी हिंगोलीला घरी गेलीस की तुला एकटी चौकापर्यंत कुणी सोडत नाही. कधी तू कुणाशी आवाज चढवलेला मी ऐकला नाही. तरी तुला जे करायचं ते तू करतेसच. माझ्यापर्यंत चिठ्ठी पोचवायला पुनमच्या बॅगेत जागा केलीस. मी पूर्वी याला घाबरटपणा म्हणायचो. तुझ्या तोंडावर म्हणालो होतो, कँटीनमागच्या लिंबाखाली. तू तुझा चहा माझ्याकडं सरकवलास आणि उठून गेलीस.

तो चहा मी प्यायलो नाही. अजून कधीकधी आठवतो.

पुनम म्हणते दुसऱ्या गोष्टीचं लिही. लिहितो म्हणालो. जागा संपली.

विजू


वसमत
८ एप्रिल २००७

करुणा,

तुझा प्रोजेक्ट झाला त्याच दिवशी पुनमनं सांगितलं. ती सांगत होती आणि मी खुर्चीत बसू शकत नव्हतो.

हळदीचा आलेख निघाला म्हणे, आणि रेघा पण तू पिवळ्या काढल्यास. सगळा वर्ग मागं जमला. सर आले आणि त्यांनी विचारलं, "हे पॅकेज मशीनवर कुणी टाकलं? परवानगी कुणी दिली?" आणि तू म्हणालीस, "मशीनवर नाही टाकलं सर, माझ्या होममध्ये आहे. परवानगी लागली नाही." पुनमनं तुझा आवाज काढून दाखवला. सरांनी वाकून फोल्डर बघितलं, जागा बघितली, आणि "ठीक आहे" म्हणून पुढच्या टेबलाकडं गेले. एवढंच. कीबोर्ड जिथल्या तिथं.

कुणी मदत केली असं पण त्यांनी विचारलं म्हणे. तू "माझं मीच केलं" म्हणालीस. हे पुनमनं सांगितलं तेव्हा मला झोंबलं. खोटं कशाला बोलू, चांगलंच झोंबलं. दुकानाबाहेर जाऊन रस्त्यावरचा दगड लाथाडला, तो जाऊन उसाच्या गाड्याला लागला, गाडेवाल्यानं माझी आई-बहीण काढली. मग डोकं शांत झालं. तिथं बसून प्रत्येक अक्षर तूच टाईप केलंस. आणि माझं नाव त्या लॅबमध्ये काढून तुझं काय भलं झालं असतं?

कंपनीचं पण कळलं. पुण्याची कंपनी. आपल्या कॉलेजातून तिघंच घेतले आणि त्यात तू. जूनमध्ये जायचं. अभिनंदन. हा शब्द मी दुकानात रोज बॅनरसाठी टाईप करतो, आज पहिल्यांदा हातानं लिहिला.

पुणं काही लांब नाही. रात्री बसलं की सकाळी. वसमतहून पण ट्रॅव्हल्स असतात. मी चौकशी केली नाही, सहज बोर्ड दिसला.

इकडचं नवीन काही नाही. ऊन फार आहे. भावसिंग भाऊंनी कूलर आणला, तो फक्त त्यांच्याकडं तोंड करून असतो. मागच्या आठवड्यात तुझे बाबा दुकानात येऊन गेले. जयंतीच्या व्याख्यानमालेची कार्यक्रमपत्रिका टाईप करून नेली. चांगले बोलले. बाकी विशेष काही नाही.

परीक्षेचा अभ्यास कर. जागरण करू नको, तुझे डोळे दुखतात.

विजू


वसमत
१८ जून २००७, सोमवार सकाळ

प्रिय करुणा,

आज संध्याकाळी तू पुण्याला निघणार. हे पत्र पुनम ट्रॅव्हल्सपाशी तुझ्या हातात देईल. बाबांसमोर देईल की लपवून, ते तिचं ती बघेल. लपवायची गरज आता नसावी. का ते लिहितो.

एप्रिलच्या पत्रात मी बाबांचं दोन ओळीत उरकलं. ते तसं नव्हतं.

ते दुपारी आले. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. मी ओळखलं नाही, मी त्यांना कधी बघितलेलंच नव्हतं. हातानं लिहिलेला कागद दिला आणि म्हणाले, शुद्धलेखन बघून टाईप करा. मी टाईप करत गेलो. वक्त्यांची नावं झाली, विषय झाले, आणि सगळ्यात खाली आलं, निमंत्रक: प्रेमानंद खंदारे, हिंगोली. माझी बोटं थांबली. हिंगोलीत टायपिंगची इतकी दुकानं सोडून हा माणूस वसमतला का आला, हे मला तेव्हा कळलं.

ते म्हणाले, "काहून थांबलात? काना चुकला का माझा?"

मी म्हणालो, "न्हाई सर. बराबर आहे."

"सर म्हणू नका. मी पाटबंधारे खात्यात क्लार्क आहे. तुम्ही विजयकुमार ना?"

मी उभा राहिलो. भावसिंग भाऊंनी पेपर खाली ठेवला. मला वाटलं आता आवाज चढणार, आणि माझ्या अंगात ते जुनं यायला लागलं, तुला माहीत आहे कसं येतं ते, कानापासून. पण ते खुर्ची ओढून बसले.

म्हणाले, "करुणा घरात तुमचं नाव काढत न्हाई. प्रोजेक्ट झाला तवा पहिल्यांदा काढलं. म्हणाली, वसमतला एक मुलगा आहे, त्यानं माझ्यासाठी स्वतःचे सगळे हक्क काढून ठेवले आणि माझ्या जागेवर बसून बघितलं. मला कॉम्प्युटरमधलं कळत न्हाई. पण हे वाक्य मला कळलं. म्हणून बघायला आलो."

तू घरी माझं नाव घेतलंस. लॅबमध्ये नाही, घरी घेतलंस. आणि मी त्या दिवशी दगड लाथाडत होतो.

मग ते म्हणाले, "तुमची जात मी तिला विचारली न्हाई. तुमच्या घरचे मात्र आमची विचारतील, मला ठाऊक आहे. मी शिक्षण विचारलं. तवा लेकरू गप बसलं."

मी पण गप बसलो, करुणा. मला इथं सर म्हणतात, ते त्यांना सांगता आलं नाही.

"किती राहिलं?"

"दोन वर्षं."

"परत घेतात का?"

"माफीनामा दिला तर."

"मग?"

त्या 'मग'वर मला काही सुचलं नाही.   त्यांनी दहा प्रती मोजून घेतल्या, पैसे दिले, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "माझे वडील सालगडी होते. मला शाळेत घालायला ते कोणाकोणाच्या पाया पडले ते मी मोजलेलं न्हाई. पाया पडून माणूस लहान होत न्हाई, बाबा. शाळा सोडून होतो." आणि गेले. भावसिंग भाऊ उठून दारापर्यंत त्यांना सोडायला गेले. ते कुणाला सोडायला जात नाहीत.

हे मी तुला तेव्हा का लिहिलं नाही? कारण लिहिलं असतं तर त्याच्यापुढं दुसऱ्या गोष्टीचं उत्तर लिहावं लागलं असतं. तू फेब्रुवारीत विचारलंस, जूनमध्ये परत ॲडमिशन घेणार का, सर माफीनाम्यावर तयार आहेत. तेव्हापासून मी हळदीचं लिहिलं, कूलरचं लिहिलं, टेम्प डिरेक्टरीचं लिहिलं. पुनम म्हणते, "तुझं म्हंजे कसं हाय, देव्हारा पुसून पुसून झिजवायचा आन् दिवा लावायचाच न्हाई." तुला वाटलं असेल, याची मग्रुरी. सरांपुढं वाकायला नको.

ते नाही. सरांचं मला आता काही वाटत नाही. वर्षभर पासवर्ड भिंतीवर ठेवून मी दुकान चालवलं, त्यात कुणी काय काय बिघडवलं आणि मी किती रविवार ते निस्तरण्यात घालवले, ते मला माहीत आहे. चाळीस पोरांच्या परीक्षेची मशीनं सांभाळणाऱ्या माणसानं पासवर्ड का दिला नाही, हे मला तुझ्या नावानं बसलो त्याच आठवड्यात कळलं.

मला भीती वेगळीच होती. खिडकीपासून दुसरं मशीन तुझं. तू डाव्या हातानं वेणी मागं टाकायचीस आणि मग टाईप करायला लागायचीस. मी कॉलेज सोडलं तरी ती जागा भरलेली होती, म्हणून मला राहता आलं. नांदेडच्या बसमध्ये पुनम चढताना दिसली की वाटायचं, ही आता तिच्याजवळ चालली. आता मी परत जाईन तेव्हा तू तिथं नसणार. ज्युनियर पोरांमध्ये मी बसेन, सगळ्यात मोठा, आणि त्या मशीनवर दुसरंच कुणी असेल. दोन वर्षं मला ते दिसत राहील. तू तिथं होतीस तेव्हा मी रागानं बाहेर राहिलो, आणि तू निघालीस त्या दिवशी आत चाललो. एवढं एक मला सहन होत नव्हतं. म्हणून मी उत्तर देत नव्हतो. पत्रात हे लिहायला मला चार महिने लागले, तोंडानं तर कधीच जमलं नसतं.

तू मला थांबायला सांगितलेलं नाहीस. मी पण तुला थांबायला सांगणार नाही. फेब्रुवारीत एका दुपारी वाटलं होतं, फ्लॉप्या चालल्याच नाहीत तर तू नांदेडलाच राहशील. वाटलं आणि लगेच माझी मलाच शिसारी आली, आणि मी चौथी फ्लॉपी परत तपासली. हे पण तुला माहीत असावं.

माफीनामा लिहिला. पहिल्या खर्ड्यात एक 'परंतु' होतं. भावसिंग भाऊंनी मागून वाचलं आणि त्यावर बोट ठेवलं. "माफी में लेकिन नहीं चलता. निकाल." काढलं. आता चारच ओळी राहिल्यात. आई पुसेगावहून आली होती, तिला वाचून दाखवला. ती म्हणाली, "आण्णाला मी सांगते. कॉलेजचं सांगते. बाकीचं तुझं तू सांग, मला त्यात घालू नको." म्हणजे बाकीचं तिला कळलंय. आण्णा किती दिवस बोलणार नाहीत ते बघू. ते भांडण मी आरडाओरडा न करता लढणार आहे, तुझ्याकडं बघून शिकलो तसं. जमेलच असं नाही.

शनिवार-रविवार दुकान सांभाळेन, असं भाऊंशी ठरलंय. बाकी दिवस नांदेड.

आज दुपारी सर भेटणार आहेत. म्हणजे संध्याकाळी मी नांदेडमध्येच असेन, तुझी गाडी सुटते तिथून चालत येण्याइतक्या अंतरावर. मी येणार नाही. पुनम मला वेड्यात काढते. "समोरच्या टपरीवर नुसता उभा ऱ्हा, कोन खातंय का तुला?" पण बाबा तिथं असतील, आणि त्यांच्या 'मग'ला माझ्याकडं अजून उत्तर नाही, फक्त सुरुवात आहे. सुरुवात दाखवायला मला त्यांच्यासमोर यायचं नाही. तुझ्याकडं एकदा बघितलं तर मी सरांचं, ॲडमिशनचं सगळं विसरून त्या गाडीत चढेन, हे पण आहे. तू मला ओळखतेस.

म्हणून हेच. खिडकीची जागा घे. गाडीत वाचू नको, तुला उलटी होते. पुण्यात तुझ्या मशीनवर पण तुला सगळे हक्क देणार नाहीत, तुझं तू करशील. पत्ता कळव, कळवावासा वाटला तर. दोन वर्षं मी तुला काही विचारणार नाही. दोन वर्षांनी विचारीन, आणि तेव्हा तू नाही म्हणालीस तरी टेबलावर मूठ आपटणार नाही, एवढं मी आज माझ्या नावानं लिहून देतो.

पुनम रस्त्यावरून हाका मारतेय. "बस काय तुझ्या मामाची हाय का थांबायला?" भाऊ मोंढ्यात गेलेत, मशीनं मी बंद केली, माफीनामा वरच्या खिशात आहे. हे पत्र घडी करून तिच्या हातात देतो. मी उठलो. बाहेर पडतोय, आणि शटर खाली ओढून घेतोय.

तुझा,
विजू